माल उतरल्यावर द्राक्षबागेला फवारणीतून खत द्यावं का?

महांकाळी_बाग (कवठेमहांकाळ)

नमस्कार मंडळी. दीड एकर सुपर सोनाका द्राक्ष, डॉगरिज खुंटावर (ज्यावर कलम बांधतात ते मूळझाड), ९ बाय ५ फुटाची लागण. सगळा माल बेदाण्याला गेला, शेवटची क्रेट परवा २२ मार्चला वाळवायच्या रॅकवर पडली. खरड छाटणी (माल उतरल्यावर जुनी काडी काढायची छाटणी) ५ एप्रिलला धरलीय, टोळीला तसं सांगूनही ठेवलंय.

दुकानदारानं चिठ्ठी दिलीय : १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश सारखं असलेलं खत), अमिनो, सीवीड (समुद्री शेवाळाचा अर्क), चिलेटेड मायक्रो (झिंक-लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं) आणि वर कॅल्शियम नायट्रेट. सगळं एकाच टाकीत, असे तीन हात, म्हणजे तीन फवारण्या. "झाड दमलंय, सलाईन लावा" म्हणतोय. बिल बघून मलाच सलाईन लागंल असं वाटतंय.

वरची पानं हिरवी आहेत, पण खालच्या जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. माल उतरायच्या आधी पाणी तोडलं होतं. बोअर जेमतेम चालतोय, म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं आवर्तन दोन-चार दिवसांत येईल म्हणतात. गेल्या वर्षी खरडीनंतर ओलांड्यावर (वेलीची तारेवरची आडवी फांदी) मधेमधे डोळेच (कोंबाचे अंकुर) फुटले नाहीत, त्याची धास्ती आहे. हा खर्च करावा का?

पलूसकर_८

आम्ही काय फवारत नाही. माल उतरला की भरपूर पाणी, ड्रीपमधनं थोडा युरिया, आणि बाग तशीच सोडून देतो. फूट चांगली निघते. पण आमची काळी जमीन, कृष्णाकाठ. तुमचं माळरान आहे, आमच्यावर जाऊ नका.

तासगावची_काकू

आमच्यात फवारणीची वही माझ्याकडं असती, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बागेत जाऊन मधल्या काडीवरचं पान तोड आणि मुठीत दाब. मूठ उघडल्यावर पान परत पसरलं तर ते अजून कामाचं आहे. कर्रकन मोडलं, कडा करपलेल्या असल्या, मागच्या बाजूला लाल कोळी दिसली, तर त्यावर काही मारू नको. मेलेलं पान खत घेत नाही, नुसतं धुऊन निघतं.

आता हिशेब. एक टक्का युरिया म्हणजे १०० लिटरला १ किलो. एकरी ३०० लिटर पाणी धरलं तर ३ किलो युरिया, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे १ किलो ३८० ग्रॅम. ९ बाय ५ वर एकरी ९६८ वेली बसतात. वेलीला आलं दीड ग्रॅमच्या आत, तेही सगळं पानावर पडलं आणि सगळं आत गेलं तर. एवढ्यानं कुठली वेल उभी राहती? नत्र-स्फुरद-पालाश हे मुळातनं द्यायचं काम आहे. पलूसकर भाऊ फवारत नाहीत तरी त्यांची बाग फुटती, ती पाण्यामुळं आणि मुळातनं दिलेल्या खतामुळं.

तरी फवारणी अगदीच फुकट असं मी म्हणणार नाही. झिंक आणि बोरॉन वेलीला लागतातच मुळी थोडे, ते पानातनं भागतात. आणि तुझ्याकडं चुनखडी असणारच, त्या जमिनीत झिंक टाकलं तरी अडकून बसतं. चिलेटेड झिंक लिटरला १ ग्रॅम, बोरिक ॲसिड लिटरला १ ग्रॅम, सोबत युरिया अर्धा टक्का. बोरॉनचा हात जड पडू देऊ नको, कमी आणि जास्त यात फार अंतर नसतं, पानाच्या कडा लगेच जळतात. अमिनो, सीवीड चिठ्ठीतनं काढून टाक. आणि कॅल्शियम नायट्रेट १९:१९:१९ बरोबर एका टाकीत? त्यातला कॅल्शियम आणि स्फुरद एकमेकाला धरून खाली साका बसतो. काचेच्या ग्लासात चिमूट चिमूट कालवून बघ, पाणी दुधाळ झालेलं दिसंल. तसलं ब्लोअरमध्ये (फवारणी यंत्रात) घातलं की नोझल साफ करण्यात सकाळ जाती.

पण तुझी खरी अडचण तारखेची आहे. पानावर मारलेलं पानातनं काडीत, काडीतनं ओलांड्यात, खोडात, मुळात उतरायला दिवस लागतात. खरडीला आपण काय करतो? एक डोळा ठेवून सगळी काडी काढतो. म्हणजे जे ओलांड्याच्या आत पोचलं नाही ते पानासकट बांधावर. २२ ला माल उतरला आणि ५ ला कात्री, मधे पाणी नाही, त्यात तीन हात. तिसरा हात तर तू बांधालाच घालणार.

शिवाय बेदाण्याचा माल. टेबलच्या (ताज्या खायच्या) मालापेक्षा तो वेलीवर जास्त दिवस राहतो, २२-२४ ब्रिक्सपर्यंत (रसातल्या साखरेचं माप) साखर ओढतो. वेलीत साठा त्या मानानं कमी उरतो, आणि खरडीनंतर पहिली पाच-सहा पानं येईपर्यंत फूट त्या साठ्यावरच जगती. हिरवं पान आणि मुळाशी ओल, हे दोन्ही मिळाले तर वेल स्वतःच साठा भरून घेती. म्हणून छाटणी पुढं ढकल.

आणखी एक. शेजारी कुणाचा बेदाणा रॅकवर वाळत असंल तर वारा बघून ब्लोअर काढ. आमच्या गावात यावरनं दोन भावकीत बोलणं बंद झालेलं आहे, कारण तसं बघितलं तर दोन लिटर औषधाचं.

मिरज_अ‍ॅग्री

काकूंशी सहमत. जुन्या पानात शिरा हिरव्या आणि मधे पिवळं, हे मॅग्नेशियमच्या कमतरतेकडं बोट दाखवतं. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम फवारता येतं, पण आत्ता पानं काढायचीच आहेत, तर छाटणीनंतर जमिनीतनं द्या आणि पुढच्या हंगामात देठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासणं) करा. कोवळ्या शेंड्याला असं पिवळं आलं असतं तर लोहाचा विचार केला असता.

डोळे न फुटण्याचं खापर मात्र नुसत्या अन्नसाठ्यावर फोडू नका. एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकतो, उघडा ओलांडा तापतो. हायड्रोजन सायनामाइडचं (डोळे फोडायचं औषध) पेस्टिंग सगळ्या डोळ्यांवर सारखं बसलं होतं का? नंतर ओलांड्यावर पाणी मारलं होतं का? बोअरचं पाणीही एकदा तपासून घ्या, क्षार जास्त असतील तर त्याच पाण्यानं फवारू नका.

महांकाळी_बाग

पान मुठीत दाबून आलो. वरची आणि मधली पसरतात, खालची मोडतात. पेस्टिंग टोळीनं केलं होतं, मी त्या दिवशी बेदाण्याच्या सौद्याला तासगावात होतो. पाणी मारलं नव्हतं. आवर्तन २७ ला सुटणार असं आज कळलं. काकू, टोळी पुढं ढकलली तर मुकादम परत कधी येईल सांगता येत नाही, आमच्याकडं सगळ्यांच्या छाटण्या एकदम येतात.

तासगावची_काकू

मुकादमाला आजच फोन कर, १५ च्या पुढची तारीख माग, थोडी उचल दे म्हणजे शब्द राहतो. पाणी २७ ला आलं की आधी बोद (वेलीच्या ओळीचा मातीचा उंचवटा) भिजव, ड्रीपमधनं युरिया सोड, पण एकदम नको, दोन-तीन वेळात. पानं टवटवीत दिसली की दोन दिवसांनी सकाळी ऊन चढायच्या आत झिंक-बोरॉनचा एकच हात, पानाच्या मागच्या बाजूला नीट लागंल असा.

मुकादम ५ वरच अडून बसला तर फवारणी करूच नको. तेवढ्या पैशात ओलांड्यावर पाणी मारायला माणूस लाव, आणि पेस्टिंगच्या दिवशी सौद्याला दुसऱ्या कुणाला तरी पाठव.

महांकाळी_बाग

मुकादम १७ म्हणतोय, दोन हजार उचल मागितली, दिली. दुकानातनं झिंक आणि बोरिक तेवढं आणतो.