वॉकर म्हणजे कापड तुडवणारा

वॉकर या इंग्रजी आडनावाचा अर्थ गावोगाव पायी फिरणारा, असं कुणी कुणी म्हणतं. मला ते पटत नाही. चालण्याशी संबंध आहे, पण तो कुंडातल्या चालण्याशी. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड तेलकट आणि विरळ असे. ते पाण्यात, शिळ्या लघवीत किंवा खास मातीत भिजवून माणसं तासन्‌तास अनवाणी तुडवत. त्यानं तेल-मळ सुटे आणि कापड आटून दाट होई. ती माती म्हणजे आपल्या मुलतानी मातीचीच जात!

खरी गंमत पुढे आहे. हेच काम करणारा उत्तर इंग्लंडमध्ये वॉकर, आग्नेयेला फुलर आणि नैऋत्येला डेव्हनकडे टकर. धंदा एक, आडनावं तीन. त्यामुळे एखाद्या टकरचे पूर्वज कुठल्या भागातले असावेत, याचा अंदाज नुसत्या आडनावावरून बांधता येतो. मला याचं फार अप्रूप वाटतं.

१२व्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडात पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे हे काम करू लागले, तरी उत्तरेत नाव वॉकरच राहिलं. आज तिघांत तेच सर्वांत जास्त आढळतं.