मॉस्को: कोन्कोवोत खोली घ्यावी का?

अमृता_सांगली: मिक्लुखो-माक्लाया रस्त्यावरच्या लुमुम्बा विद्यापीठात प्रवेश झालाय. कोन्कोवोत पाच मजली जुन्या इमारतीत वरची खोली मिळतेय. कसा आहे भाग?

जुना_मॉस्कोकर: अगं, डोळे झाकून घे! पण पाच मजलीला लिफ्ट नसते, बटाट्याचं पोतं स्वतः चढवावं लागेल. मेट्रो स्टेशन नीट विचार. केशरी मार्गावर विद्यापीठाला जवळचं बेल्यायेवो (१९७४ चं). कोन्कोवो त्याच्या पुढचं. इमारती सगळ्या सारख्याच, पहिले काही दिवस आपलं दार सापडणार नाही. बाजूला बित्सा जंगल आहे, हिवाळ्यात लोक तिथे स्कीइंग करतात. आणि चित्रांची आवड असेल तर ऐक: १९७४ मध्ये इथल्याच मोकळ्या मैदानावरचं चित्रप्रदर्शन सरकारने बुलडोझर घालून मोडलं होतं.

कोल्हापुरी_डॉक्टर: थंडीचं काय, दादा?

जुना_मॉस्कोकर: घरात नाही वाजत. हीटिंग शहराकडून येतं, जानेवारीतही खिडकी किलकिली करावी लागते. उन्हाळ्यात मात्र दुरुस्तीसाठी काही दिवस गरम पाणी बंद. अमृता, पैसे देण्याआधी मालकीणबाई रजिस्ट्रेशन (परदेशी माणसाच्या पत्त्याची सरकारी नोंद) करून देणार का, ते विचार.

अमृता_सांगली: आज रात्रीच फोन करते.