मदत हवी आहे: सात विभागांसाठी एकच ‘संशोधन पद्धती’ पेपर कसा बसवावा?

सामायिक_पेपर
नमस्कार मंडळी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा ४ क्रेडिटचा पेपर सगळ्यांनाच आहे. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र या सात विभागांनी तो मिळून शिकवावा असं ठरतंय. विद्यार्थी साधारण १६०, संगणक प्रयोगशाळेत ४० मशीन. सध्याचा आराखडा असा: मोठ्या सभागृहात सगळे एकत्र, ६० तास, प्रत्येक घटक वेगळ्या विभागाचा शिक्षक घेणार, त्यातला एक अख्खा घटक संख्याशास्त्राचा.
प्रश्न तीन. समान भाग किती ठेवावा? तुकड्या कशा पाडाव्यात? आणि परीक्षा कशी घ्यावी, कारण मराठीच्या मुलांना टी-चाचणी (दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना) आणि रसायनवाल्यांना प्रश्नावली, दोन्ही नको आहे.

संख्यारेखा
आधी तो ६० चा आकडा तपासा. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं ३०. पेपर ३ + १ असा ठेवलात तर ४५ + ३० = ७५ तास होतात. ४० मशीनवर १६० मुलं म्हणजे प्रात्यक्षिकाच्या चार तुकड्या, म्हणजे प्रयोगशाळेत १२० तास शिक्षक उभा हवा. हा हिशोब वेळापत्रकाच्या आधी झाला नाही तर प्रात्यक्षिक कागदावरच राहतं.

तुकड्या विभागवार नकोत, पुराव्याच्या प्रकारानुसार पाडा. पहिले १५ तास सगळे एकत्र: संशोधन प्रश्न बांधणं, आधीचं काम शोधणं, संदर्भ देणं, नीतिमत्ता, फायली नीट ठेवणं. पुढचे ३० तास तीन प्रवाह: माणसांना विचारून मिळणारी माहिती, मोजून मिळणारी, आणि मजकुरातून मिळणारी. प्रवाह मुलांनी प्रकल्पाच्या विषयावरून निवडावा. समाजशास्त्रातला मुलाखतींचा मजकूर तपासणारा विद्यार्थी तिसऱ्यात जाईल, अर्थशास्त्रातला जुनी जमाखर्चाची कागदपत्रं वाचणारासुद्धा. पहिला प्रवाह मोठा असेल, त्याला प्रात्यक्षिकाच्या दोन तुकड्या द्या.

संख्याशास्त्र सगळ्यांना सारखं शिकवलं की सूत्रं पाठ होतात आणि चूक कुठे आहे ते कुणालाच दिसत नाही, कारण प्रत्येक प्रवाहातली चूक वेगळी असते. सर्वेक्षणवाल्यांचा घोटाळा ३८४ चा. ‘नमुना ३८४ जणांचा हवा’ हा आकडा ९५% विश्वासपातळी, ५% त्रुटी आणि ५०% प्रमाण धरून येतो, तोही यादृच्छिक नमुन्यातून एखादं प्रमाण काढायचं असेल तर. व्हॉट्सअॅपवर गूगल फॉर्म फिरवून ३८४ उत्तरं जमवली तर त्या सूत्राशी त्यांचा काही संबंध उरत नाही. दोन गटांची तुलना करायची असेल तर हिशोबच निराळा: मध्यम फरक (०.५ प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याच्या निम्मा), ५% सार्थकता पातळी आणि ८०% चाचणीशक्ती (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक गटात ६४ जण. नमुन्याचा आकार काढणारं जी-पॉवर हे सॉफ्टवेअर मोफत आहे, वर्गातच काढून दाखवा.
प्रयोगवाल्यांचा घोटाळा म्हणजे खोटी पुनरावृत्ती. एका कुंडीतली १० पानं मोजली म्हणजे १० नमुने झाले नाहीत, नमुना १ च. तेच द्रावण यंत्रात तीनदा घातलं तर यंत्राची अचूकता कळते, प्रयोगाची नाही. आलेखावर लहान दिसते म्हणून प्रमाण विचलनाच्या जागी प्रमाण त्रुटी (सरासरीतली अनिश्चितता) काढायची सवयही तिथलीच.

मोडीवाचक
वरच्याशी सहमत, पण एक भर. ‘मजकुराचा प्रवाह’ म्हणजे ज्यांना गणित जमत नाही त्यांची धर्मशाळा होऊ देऊ नका. तिथेही मोजमापाइतकीच काटेकोर शिस्त लागते.
पहिलं प्रात्यक्षिक कालगणनेचं घ्या. शके असेल तर ७८ मिळवायचे, जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या तारखेला ७९. पेशवे दफ्तरातल्या कागदावर सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली अरबी कालगणना) असेल तर ५९९, आणि जानेवारी ते मृग या काळात ६००. वर्ष मृगाला बदलतं हे विसरलं की पत्र आख्खं एक वर्ष मागेपुढे सरकतं. कागदाची नोंद करताना रुमाल (कागदांचं गाठोडं) क्रमांक आणि कागदाचा क्रमांक तिथल्या तिथे टिपायचा, घरी येऊन फोटोवरून नाही.
झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टोपणनावाच्या कवीसाठी आडनाव-नाव असे दोन रकाने न ठेवता बाजूच्या चिन्हावर टिचकी मारून एकच रकाना करा. मुलाखतींना संकेत (आशयाच्या खुणा) लावायला टॅगेट हे सॉफ्टवेअर मोफत आहे. दोघांनी तीच मुलाखत वेगवेगळी संकेतित करून मतभेद कुठे झाले ते लिहून काढायचं, हे दोन तासांचं उत्तम प्रात्यक्षिक आहे.

सामायिक_पेपर
दोघांचे आभार. प्रवाहांची कल्पना समितीत मांडतो. पण काही विभागप्रमुख ‘आमचा पेपर आम्हीच शिकवू’ म्हणतात. आणि परीक्षेचं राहिलंच.

शेवाळ
विभागप्रमुखांचा खरा मुद्दा कार्यभाराचा असतो, तोंडावर कोणी बोलत नाही. सात विभागांनी वेगवेगळा शिकवला तर ७ × ७५ = ५२५ तास. प्रवाहांच्या रचनेत १५ + ९० + १२० = २२५. पंधरा आठवड्यांत आठवड्याला १५ तास, म्हणजे एका सहायक प्राध्यापकाच्या १६ तासांच्या आतच. विभागाचे आठवड्याचे ५ तास जाऊन २ च्या आसपास उरतात, मग पद टिकवण्याची काळजी सुरू होते. म्हणून कोणाचे किती तास कोणत्या विभागाच्या खाती जाणार, हे अभ्यास मंडळाच्या इतिवृत्तातच लिहून घ्या.

परीक्षेत ‘संशोधनाची व्याख्या सांगा’ काढून टाका. प्रात्यक्षिकासाठी मुद्दाम बिघडवलेली ६० ओळींची फाइल द्या. वयाच्या रकान्यात एक २१०. गावाच्या रकान्यात ‘पुणे’, शेवटी मोकळी जागा असलेलं ‘पुणे’ आणि ‘पूणे’, म्हणजे संगणकाच्या लेखी तीन गावं. न दिलेलं उत्तर काही ठिकाणी ०, काही ठिकाणी ९९. काही आकडे देवनागरीत, जे आर हे सॉफ्टवेअर संख्या मानत नाही. दुरुस्त्या करताना प्रत्येक बदल वेगळ्या पानावर नोंदवायचा, मूळ फाइलला हात लावायचा नाही. गुण नोंदवहीला जास्त, उत्तराला कमी. मजकूरवाल्यांना त्याच धर्तीवर चुकीच्या तारखा आणि अर्धवट संदर्भ असलेली २० नोंदींची सूची द्या.
एक तांत्रिक खड्डा: मराठी मजकुराची सीएसव्ही (साध्या मजकुरात साठवलेला तक्ता) एक्सेलमध्ये थेट उघडली की बऱ्याचदा अक्षरांचा चिवडा होतो. डेटा टॅबमधून ‘टेक्स्ट/सीएसव्ही’ घेऊन ६५००१ यूटीएफ-८ निवडायचं. सॉफ्टवेअरला पैसे नसतील तर संख्याशास्त्रासाठी मोफत मिळणारं जामोवी पुरेसं आहे.

ग्रंथपाल_दालन
समान १५ तासांतले दोन तास आमच्याकडे द्या. वाङ्मयचौर्याच्या २०१८ च्या नियमांत १०% पर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. संदर्भसूची, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य शब्दप्रयोग त्या मोजणीतून वगळायचे असतात, ते मात्र कोणी सांगत नाही. प्रबंध युनिकोडमध्ये नसून जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तपासणीत साम्य शून्याजवळ दिसतं, कारण यंत्राला तो मराठी म्हणून वाचताच येत नाही. तो शून्य ग्राह्य धरू नका.
शिवाय, जुन्या स्लाइडमधली केअर यादी (यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांची) काढा. यूजीसीने ती २०२५ मध्ये बंद केली. यादीऐवजी नियतकालिक तपासायच्या कसोट्या शिकवाव्या लागतील.

सामायिक_पेपर
शेवटचा प्रश्न. नीतिमत्ता समितीची मान्यता कधी घ्यायला सांगावी? प्रकल्प तिसऱ्या सत्रात आहे.

संख्यारेखा
दुसऱ्या सत्रातच. मान्यता माहिती गोळा करण्याआधीच लागते, नंतर मागच्या तारखेने मिळत नाही. पहिल्या सत्राच्या अंतर्गत मूल्यमापनात संमतिपत्राचा मराठी मसुदा लिहून घ्या: कोण विचारतंय, कशासाठी, किती वेळ लागेल, मधेच थांबता येईल, नाव कुठे आणि किती काळ साठवलं जाईल. पुढे अर्जाला तोच जोडता येतो.