शाळा बघून झाल्या, आता डोकं चालेना

धायरीची आई:
आम्ही पुण्यात राहतो. लेक सिनियर केजीत आहे, येत्या जूनला पहिली. डिसेंबरचा जन्म, म्हणजे पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण हवीत, या नियमात काठावर बसते. गेल्या तीन शनिवारांत आम्ही चार खासगी शाळा पाहिल्या. एक नवले पुलापलीकडे होती. जायलाच ५० मिनिटं लागली, ती गेटवरच बाद केली. दुसरीत लेकीला आत नेऊन इंग्रजीत प्रश्न विचारले आणि अहोंना पगार विचारला. तीही बाद.

उरल्या दोन. पहिली बावधनकडची. आत शिरल्यावर लग्नाच्या हॉलसारखा वास. काउन्सेलर मॅडम सगळं टॅबवर दाखवत होत्या. स्विमिंग पूल, एसी वर्ग, वर्गात २५ मुलं. लायब्ररी इतकी देखणी की पुस्तकं रंगांप्रमाणे लावलेली. मी एक ओढून काढलं तर वरचं प्लॅस्टिक अजून फाडलेलं नव्हतं. मराठीचं विचारलं, तर "ते ऑप्शनल आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणाल्या. लेकीला शू लागली. मुलांच्या टॉयलेटकडे वळलो, तर "तिथे क्लीनिंग चालू आहे" म्हणून पाहुण्यांच्या टॉयलेटमध्ये नेलं. तिथलं बेसिन लेकीच्या डोक्याच्या वर.

दुसरी वारज्याची, जुनी इमारत. रिसेप्शन वगैरे काही नाही, क्लार्क काकांनी रजिस्टरात नाव लिहायला लावलं आणि "जा, बघून या" म्हणाले. शनिवारची अर्धी शाळा भरलेली होती. पहिलीच्या वर्गात मी मोजली, ४२ मुलं. बाई खाली बसलेल्या. एका मुलाला "ळ" जमत नव्हता, तर त्यांनी मूठभर चिंचोके दिले आणि फरशीवर "ळ" मांडायला लावला. टॉयलेट ओलं होतं पण वास नव्हता, नळाखाली पालथी बादली ठेवलेली, चढायला. मैदान मात्र निम्मं स्कूलबसच्या पार्किंगने खाल्लंय. फी बावधनच्या निम्म्याहून कमी.

मन वारज्याकडे ओढतंय, पण ४२ म्हणजे जास्तच ना? अजून काय बघायला हवं होतं? कृपया "मुलावर असतं हो" म्हणू नका, ते सासूबाईंकडून ऐकून झालंय.

सदाशिव पेठी:
बावधनच्या माहितीपत्रकावर "सीबीएसई पॅटर्न" असं छापलंय का ते बघा. पॅटर्न स्वेटरला असतो, शाळेला बोर्डाची मान्यता असते. सीबीएसईच्या सरस या मान्यतेच्या पोर्टलवर शाळेचं नाव शोधा, ११ आकडी युडायस क्रमांकही (शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक) मागा. आणि मराठी ऑप्शनल? राज्यात २०२० चा कायदा आहे, सगळ्या बोर्डांना मराठी शिकवावंच लागतं. मॅडमना सांगा, टेन्शन त्यांनी घ्यावं.

निवृत्त बाई:
पहिलीला मी २७ वर्षं शिकवलं. लेकीची मुलाखत घेतली ते चूकच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये अशा चाळणीला बंदी आहे, २०१० पासून. ४२ हा आकडा मलाही आवडला नाही. त्याच कायद्यात प्राथमिकला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक धरलाय. मदतनीस ताई आहे का, आणि ती वर्गात थांबते की ऑफिसात पाठवतात, ते विचारा. पण चिंचोके देणारी बाई पुढच्या वर्षी तिथे असेल का, हे जास्त महत्त्वाचं. गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले ते विचाराच, उत्तर देताना चेहरा बघा. आणि वही मागा. पहिल्या नंबरवाल्याची नाही, मधल्या कुणाची तरी. लाल पेन नुसतं टिक मारतंय की काही लिहितंय, ते दिसतं.

कात्रजचा बाबा:
फी आज किती यापेक्षा ती कशी वाढते ते बघा. २०११ च्या फी कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती लागते, पालक सोडतीने निवडतात. समितीत कोण आहे विचारलं तर आमच्याकडे नुसतं हसले होते. गणवेश-पुस्तकांसाठी एकाच दुकानाची सक्ती असेल तर तेही कळून घ्या, पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक आपल्याला कशाला दिलाय! बसची वेळही विचारा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी नकोत असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालाय.

धायरीची आई:
बाई, तुमचं ऐकलं. बुधवारी शाळा सुटताना वारज्याला जाऊन उभी राहिले. गेटवर रिक्षाकाकांचा गोंधळ, पाण्याच्या दोन नळांपैकी एक बंद. त्या बाई एका मुलाचं बोट धरून शेवटी आल्या, त्याची आजी उशिरा पोचली होती. त्यांनाच विचारलं. सात वर्षं आहेत तिथे. मदतनीस ताई सकाळी असते, डबा झाला की जाते. वही दाखवायला तयार आहेत, शुक्रवारी बोलावलंय. आणि वर्गात ४२ नाहीत, ४४ आहेत. त्या शनिवारी दोघं आली नव्हती.