मदत हवी आहे: 'वर्ल्ड ऑफ गू'सारखा निवांत फिजिक्स पझल गेम सुचवा

'वर्ल्ड ऑफ गू' (२००८) संपवला आणि आता तशाच गेमच्या शोधात आहे. दुसरा भाग खेळणारच आहे, त्यामुळे तो सोडून सुचवा.

मला त्यातलं हरणंच फार आवडतं. गोळ्यांचा मनोरा डावीकडे झुकायला लागतो, आपण घाईघाईने उजवीकडे गोळा जोडतो आणि त्याच वजनाने अख्खा डोलारा उजवीकडे कोसळतो. पण का कोसळला ते डोळ्यांसमोर दिसतं, म्हणून चिडचिड होत नाही. पुढच्या वेळी पाया आपोआप रुंद घेतला जातो.

'कट द रोप' छान आहे, पण दोरी अगदी नेमक्या क्षणी कापावी लागते आणि तेवढी चपळाई माझ्या बोटांत नाही. 'अँग्री बर्ड्स'मध्ये ताण केसभर बदलला तरी निकाल पार वेगळा. 'पॉली ब्रिज' सगळ्यात जवळचा वाटला: आधी पूल बांधायचा, मग गाडी सोडायची, कुठल्या दांड्यावर किती ताण येतोय ते रंगावरून कळतं. फक्त पुढे पुढे बजेटचा हिशेबच जास्त होतो.

अँड्रॉइड फोनवर, इंटरनेटशिवाय चालायला हवा. जाहिराती अजिबात नकोत, एकदाच पैसे भरायची तयारी आहे. भाषा इंग्रजी चालेल.

वेळेचं बंधन नाही, बांधकाम हवं तितका वेळ घेऊन करता येतं आणि तीच रचना पुन्हा केली तर निकालही तोच येतो, असा कुठला गेम तुम्ही स्वतः खेळला आहात का?