शून्यता वेगळी आणि शून्य वेगळं, दोन्ही एकत्र कालवू नका

पाटीपेन्सिल
बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकतो. शून्याचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, आपल्याकडे बौद्धांची शून्यता होती, ऋग्वेदात सृष्टीच्या आधी काय होतं असं विचारणारं नासदीय सूक्त होतं, म्हणून शून्य इथे सापडलं. ऐकायला छान वाटतं पण मला अजिबात पटत नाही. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन शून्यता म्हणतो तेव्हा 'काहीच नाही' असं म्हणतच नाहीये. तो म्हणतो कुठलीच गोष्ट स्वतःच्या बळावर उभी नाही, सगळं कशा ना कशावर अवलंबून आहे, त्यालाच तो शून्यता म्हणतो. आता यातून पाचातून पाच गेले की काय उरतं हे कसं निघणार? उलट गणिती ब्रह्मगुप्त बघा. ६२८ साली त्याने सरळ नियम लिहून दिले, धन आणि ऋण सारखे असतील तर बेरीज शून्य, ऋणातून शून्य वजा केलं तर ऋणच राहतं, शून्याने कशालाही गुणा, शून्यच. शब्द बघा ना कुठले आहेत, धन आणि ऋण! जमा आणि कर्ज! शून्य हा आकडा हिशेब करणाऱ्यांनी घडवलाय, ध्यानाला बसलेल्यांनी नाही, आणि त्या हिशेबवाल्यांचं श्रेय आपण फुकट दुसऱ्याला देतोय याचं मला खरंच वाईट वाटतं.

रिकामी ओंजळ
पूर्ण असहमत. हिशेब काय फक्त आपल्याकडेच होते का? रोमन लोकांचा केवढा व्यापार, केवढे कर, तरी त्यांच्या आकड्यांत शून्य नाही. का नाही याचं उत्तर तत्त्वज्ञानातच मिळतं. अ‍ॅरिस्टॉटलने ठामपणे सांगितलं की पोकळी असूच शकत नाही, आणि 'काहीच नाही' याचं कुठल्याही संख्येशी प्रमाण बसत नाही. हे इतकं मुरलं की १६४३-४४ मध्ये टोरिचेलीने पाऱ्याची नळी उलटी केली आणि वर रिकामी जागा दिसली तेव्हाही लोक भांडत होते की तिथे काहीतरी असणारच. पास्कलला १६४७ मध्ये त्यावर वेगळं पुस्तक लिहावं लागलं. ज्या समाजाला 'नाही'चीच भीती आहे तो 'नाही'ला आकडा कसा करेल? आपल्याकडे ती भीती नव्हती, वैशेषिक दर्शनवाल्यांनी तर अभाव, म्हणजे नसणं, हाच स्वतंत्र पदार्थ (अस्तित्वाचा एक प्रकार) धरलाय.

पाटीपेन्सिल
ताई, रोमन लोक हिशेब मणी सरकवायच्या पाटीवर करत, तिथे ओळ रिकामी ठेवली की काम भागतं, लिहून आकडेमोड करायची वेळच येत नाही, मग चिन्ह कशाला लागेल? आणि ग्रीकांचंच म्हणाल तर खगोलशास्त्रज्ञ टॉलेमी, साधारण इसवी सन १५०, कोष्टकांमध्ये रिकाम्या जागी गोल चिन्ह लिहितो. अ‍ॅरिस्टॉटल आडवा आला नाही त्याला. बाबिलोनवाले त्याच्याही आधी दोन तिरक्या खुणा करत होते, मायांकडे पंचांगासाठी शिंपल्यासारखं शून्य होतं. यातल्या कोणाकडे नागार्जुन होता?

लोपामुद्रा
तुम्ही दोघंही एक गोष्ट विसरताय. बाबिलोनचं ते चिन्ह जागा राखणारं आहे, आकडा नाही. त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करत नव्हतं. खरा प्रश्न हा आहे की 'नसलेल्या'वर क्रिया करायची हे धाडस कुठून आलं. माझ्या मते व्याकरणातून. पाणिनीचं सूत्र आहे, अदर्शनं लोपः. प्रत्यय दिसत नाही पण त्याची जागा आहे, आणि बऱ्याचदा तो लोप पावल्यावरही त्याचं कार्य होतंच! पिंगलाच्या छंदःशास्त्रात तर 'रूपे शून्यम्' असं सूत्रच आहे, सम-विषम बघत दोनाचा घात काढताना ते शून्य खूण म्हणून वापरलंय. मी संस्कृत शिकवते आणि हे शिकवताना दरवर्षी अंगावर काटा येतो. तेव्हा पाटीपेन्सिलदादा, ध्यानाला बसलेल्यांनी नाही हे मान्य, पण फक्त वाण्याच्या वहीतून आलं हेही मान्य नाही.

पाटीपेन्सिल
हे मात्र पटतंय. पिंगलाचं माहीत होतं, पाणिनीचा लोप या बाजूने बघितलाच नव्हता. तरी ब्रह्मगुप्ताने तिथूनच उचललं असा पुरावा लागेल.

तिखटमीठ
बख्शाली हस्तलिखिताचं, म्हणजे शून्याचं टिंब असलेल्या त्या जुन्या गणिताच्या पोथीचं, कोणी बोलत नाहीये?

रिकामी ओंजळ
त्याच्यावर नको, २०१७ मध्ये कालमापन झालं तेव्हा तीन पानांचे तीन वेगवेगळे काळ निघाले आणि अभ्यासकांनीच हरकत घेतली. त्यापेक्षा ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात जा, ८७६ सालच्या लेखात २७० मधलं शून्य डोळ्यांनी दिसतं. कंबोडियात ६८३ सालचं शून्याचं टिंबही आहे.

गिरणाकाठ
आमच्या चाळीसगावकडचं कोणी काढलं नाही म्हणून लिहितोय. भास्कराचार्य म्हणतात की छेदात शून्य असलेली राशी, म्हणजे खहर, तिच्यात कितीही मिळवा किंवा काढा, ती बदलत नाही, जसं सृष्टीच्या आणि लयाच्या वेळी इतके जीव येतात-जातात तरी अनंत अच्युत तसाच राहतो. मग गणित आणि तत्त्वज्ञान वेगळं कसं म्हणता हो? गणितीच स्वतः देवाची उपमा देतोय.

पाटीपेन्सिल
उपमा दिली, पण सिद्ध त्यातून काही केलं नाही. ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असं लिहिलं तेही चुकलं, आणि भास्कराचार्यांनी शून्याने गुणून पुन्हा शून्याने भागलं तर राशी तशीच राहते म्हटलं, तेही आजच्या गणितात चालत नाही. आदर आहेच, पण चुका गणितानेच पकडल्या, तत्त्वज्ञानाने नाही.

गिरणाकाठ
असेना. पण तुमच्याच बाजूची एक गोष्ट सांगतो. आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. शेवटी जुन्या मराठीत लिहिलंय की पाटणीच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावर राजाला मिळणारं उत्पन्न मठाला दिलं. म्हणजे ज्या मठात खहर शिकवत होते त्याचा खर्च बाजाराच्या करावर चालायचा. माझी आजीसुद्धा हिशेब करताना शून्याला पूज्यच म्हणायची, पाचावर पूज्य पन्नास. हा शब्द बाजारातला का देवघरातला, लोपामुद्राताई, तुम्हीच सांगा.

लोपामुद्रा
उद्या मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश काढून बघते आणि इथेच लिहिते.