रात्रीच्या ओलितासाठी गाण्याचा प्लेअर: हेडफोन कोणता घ्यावा अन् बॅटरी कशी पुरवावी?

वावरवाला (यवतमाळकडचा)
रामराम मंडळी. आमच्या फिडरवर एक हप्ता दिवसा लाईन अन् एक हप्ता रात्री असते. रात्रीचा हप्ता आला का हरभऱ्याच्या ओलिताले दहा वाजता वावरात जा लागते ते सकाळलोक. मोबाईलची बॅटरी टॉर्चमध्येच खपते म्हणून मेमरी कार्डवाला लहान प्लेअर घेतला होता, 300 एमएएचची बॅटरी हाय त्याच्यात. पहिल्या वर्षी रातभर चालला, आता अडीच वाजले का मुका. अन् दुसरं लफडं असं का जुना इअरफोन तुटला म्हणून बाजारातून माईकवाला आणला, तर भजन लावलं का गाणारा गायब! नुसती खंजिरी वाजते अन् आवाज विहिरीतून आल्यासारखा. दुकानदार म्हणते प्लेअर गेला. भाच्याजवळ स्टुडिओवाला मोठा हेडफोन पडून हाय, 250 ओहम लिहिलं हाय त्याच्यावर, तो फुकट देऊन राह्यला. घेऊ का?

ढिल्ला_जॅक
प्लेअर नाही गेला भाऊ, दुकानदाराले सांग. पिनेवरच्या काळ्या रिंगा मोज. दोन असतील तर साधा, तीन असतील तर माईकवाला. माईकवाल्या पिनेचा ग्राउंड (दोन्ही कानांची सामाईक परतीची वायर) साध्या सॉकेटमध्ये कधी कधी बरोबर टेकत नाही, मग डावा अन् उजवा एकमेकातूनच सर्किट पूर्ण करतात आणि दोन्हीकडे जे सारखं असते ते कटून जाते. गाणारा बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये मधोमध भरलेला असतो म्हणून तोच उडतो, खंजिरी एका बाजूला असली का ती राहते. माईकचं बटन दाबून धर, गाणारा परत आला तर रोग हाच. पिन जरा बाहेर ओढूनही पाह्य. पण बिनामाईकचा वायरवाला घेणं सगळ्यात बरं.

250 ओहमवाला घेऊ नको बाप्पा, ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. लहान प्लेअर तेवढा व्होल्टेज देऊच शकत नाही, फुल आवाजातही कुजबुज. 16 नाहीतर 32 ओहम पाह्य, अन् डब्ब्यावर डीबीचा (आवाज किती मोठा निघते त्याचा) आकडा असेल तर जास्तवाला घे, म्हणजे कमी व्हॉल्यूमवर भागते.

टिनाखालचा
बॅटरीचं सांगतो. दहा तास चालत होता म्हणजे तासाला 30 एमएएच खात होता, आता साडेचार तास, म्हणजे अर्धीच्याही खाली आली. ती काही परत येत नाही. पण गेली काहून ते पाहा, उन्हाळ्यात कुठी ठेवला होता? आपल्या इकडे मे महिन्यात बाहेरच 45 च्या वर जाते, टिनाच्या शेडात अन् गाडीच्या डिक्कीत तर इचारूच नका, आणि लिथियमवाली बॅटरी 45 च्या वर चार्जिंगले लावूच नाही. त्यातही फुल चार्ज करून गरम जागी महिनाभर ठेवली का लवकर म्हातारी होते. ओलित संपलं का अर्धी भरून माठाजवळ, सावलीत ठेवायचा (पाणी लागू देऊ नका म्हणजे झालं). रोज 80-85 टक्क्यावर चार्जिंगवरून काढला तर आणखी टिकते, पण त्या प्लेअरवर टक्के दिसत नसतील तर डोकं नका लावू.

थंडीतही बॅटरी लवकर बसते, म्हणून बंडीच्या आतल्या खिशात ठेवा. स्क्रीन पाच सेकंदात बंद, इक्वलायझर बंद. फ्लॅकच्या (भारी क्वालिटीच्या, मोठ्या) फाईली भरल्या असतील तर काढा, 128 केबीपीएसचा एमपी3 मिनिटाले जवळपास 1 एमबी, वावरात कोणाचे कान एवढे चिकित्सक नाहीत. अन् बॅटरी फुगली दिसली का वापर बंद, दाबून बसवू नका.

जागलकरी
सगळे बरोबर बोलले पण दोन्ही कान बुजवून वावरात फिरतं का गा? मागच्या हंगामात तुरीतून रानडुक्कर निघालं तं मले दहा फुटावर आल्यावर समजलं, फावडं टाकून धुऱ्यावर चढलो. एकाच कानात घालजो. अन् एक कान घालायचा तं सेटिंगमध्ये मोनो (दोन्ही बाजूचा आवाज एकत्र) सापडते का पाह्य, नाहीतर इकडचं वाद्य तिकडंच राह्यते. रबराच्या बोंड्याचा नको, उघडा घे. मोटारीजवळ आवाज वाढवू नको, डब्ल्यूएचओनं (जागतिक आरोग्य संघटनेनं) 80 डीबीले हप्त्याचे 40 तास सांगितले, 3 डीबी वाढला का अर्धेच.

चार्जिंगले मी फवारणीच्या पंपाची 12 व्होल्टची बॅटरी नेतो, मधात गाडीतला युएसबी चार्जर. डायरेक्ट जोडू नको हो, 12 व्होल्टनं प्लेअर जाईन.

वावरवाला (यवतमाळकडचा)
बटन दाबलं अन् गाणारा आला!! बायको म्हणे रात्री एकटाच काहून हासून राह्यले. भाच्याले हेडफोन वापस केला. डिक्कीचं खरं हाय, एप्रिलपासून तिथंच पडून होता. जागलकरी भाऊ, तो गाडीतला चार्जर पंपाले जोडाले क्लिपा कोणत्या लावल्या, फोटो टाकता का?